माशांच्या टँकचा अलर्ट वेळेत ईमेलवर यायला हवा असेल, तर कंट्रोलर या क्रमाने जोडा

मे महिन्यात एका दुपारी २.१० वाजता नागपुरातल्या आमच्या मनीषनगरात लाइन (वीज) गेली आणि संध्याकाळी ६.३० ला आली. मी ऑफिसात होतो. टँकवर कंट्रोलर (पाण्यावर लक्ष ठेवून हीटर-पंप चालवणारा डबा) होता, तापमानाचा सेन्सर पाण्यात होता, ईमेल अलर्ट सुरू होता आणि कंट्रोलरची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात होती. तरीही मेल आला तो ६.३४ ला. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. चार तास कंट्रोलर मेल पाठवायचा प्रयत्न करत होता आणि त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. पंप बंद, कूलर बंद, पाणी ३३ अंशांवर. चार एंजलफिश गेले.

त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांतली जोडणी पाहिली. चूक बहुतेक ठिकाणी सारखीच सापडते. लोक सुरुवात तापमानाच्या मर्यादा भरण्यापासून करतात, मग मेलचं खातं, शेवटी कधीतरी वीज आणि राउटर. खरं काम उलट्या दिशेने करायचं असतं: आधी वीज, मग नेटवर्क, मग मेल, मग सेन्सर आणि त्यानंतरच मर्यादा. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे. तुमच्याकडे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा रीफ-पाय हा टँकचा प्रोग्रॅम असो, ईएसपी३२ या वायफाय चिपवर स्वतः बनवलेला डबा असो की अपेक्ससारखा तयार कंट्रोलर, मेनूतली नावं बदलतील, क्रम बदलणार नाही. एक रविवार पूर्ण हाताशी ठेवा.

## १. आधी कागद: काय बिघडेल आणि हातात किती वेळ असेल

कंट्रोलरला हात लावण्याआधी एका कागदावर आपल्या टँकमध्ये काय काय बिघडू शकतं ते लिहा. प्रत्येक बिघाडापुढे दोन गोष्टी लिहा: मासे धोक्यात यायला किती वेळ लागेल, आणि त्या वेळात घरी कोण पोचू शकेल.

वेळेचा अंदाज हिशोबाने येतो. १०० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४१९ किलोज्यूल उष्णता लागते. १०० वॉटचा हीटर अडकून सतत चालू राहिला, तर एका अंशाला साधारण ७० मिनिटं लागतील. त्याच टँकमध्ये कोणी ३०० वॉटचा हीटर टाकला असेल, तर तोच अंश २३ मिनिटांत चढतो. म्हणजे पहिल्या घरात दोन-तीन तास हाताशी आहेत, दुसऱ्या घरात एक तासही धड नाही. लिटरला साधारण १ वॉट हे प्रमाण पुरेसं असतं. हीटर त्याहून मोठा असेल, तर अलर्टआधी हीटर बदला.

पंप थांबणं हा वेगळा प्रकार आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६, आणि ३५ अंशांना ७ च्या आत. शिवाय गरम पाण्यात माशांना प्राणवायू जास्त लागतो. म्हणून पंप बंद पडलेला टँक जानेवारीत जितका वेळ तग धरतो, तितका मेमध्ये धरत नाही. पाणी गळत असेल तर प्रश्न मिनिटांचा असतो, कारण खाली एक्सटेन्शन बोर्ड असतो.

तपासणी: कागदावर किमान पाच ओळी असाव्यात. लाइन जाणं, पंप थांबणं, पाणी तापणं, पाणी गार पडणं, गळती. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लावलेला प्लांटेड, म्हणजे पाणवनस्पतींचा टँक असेल, तर सहावी ओळ पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा) एकदम खाली जाण्याची.

## २. वीज: कंट्रोलर, राउटर आणि फायबरचा डबा

ईमेल घराबाहेर पडायला तीन यंत्रं जिवंत असावी लागतात: कंट्रोलर, वायफाय राउटर आणि फायबरची तार जिथे येते तो डबा. काही घरांत शेवटची दोन एकाच डब्यात असतात, काही घरांत वेगळी. तिन्ही एकाच बॅकअपवर हवीत.

इन्व्हर्टर असेल तर तिन्हींच्या पिना इन्व्हर्टरच्या बोर्डात लावा. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. बर्डीच्या (सीताबर्डी) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करताना राउटरचा मूळ अ‍ॅडॅप्टर सोबत न्या. त्याच्यावर छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिनचा धन-ऋण क्रम यूपीएसशी जुळला पाहिजे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

हीटर इन्व्हर्टरवर घेऊ नका, बॅटरी लवकर बसते. एक छोटा एअर पंप मात्र नक्की घ्या. त्याला जेमतेम चार-पाच वॉट लागतात आणि मासे त्याच्यावरच तगतात.

आता एक अडचण येते आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. कंट्रोलर इन्व्हर्टरवर गेला की लाइन गेली हे त्याला कळतच नाही. त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत चालू असतं. त्याला हे कळवण्यासाठी वेगळा सेन्सर लागतो. स्वस्त उपाय असा: मोबाइलचा एक जुना ५ व्होल्टचा चार्जर इन्व्हर्टर नसलेल्या बोर्डात लावा, त्यावर ५ व्होल्टचं छोटं रिले (विजेने चालणारा स्विच) चालवा, आणि रिलेचा कोरडा, म्हणजे स्वतःची वीज नसलेला संपर्क कंट्रोलरच्या स्विच इनपुटला जोडा. लाइन गेली की रिले सुटतं आणि इनपुट बदलतं. अपेक्समध्ये हीच सोय तयार मिळते. मुख्य डब्याला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा बॅकअपवरून दिला आणि पॉवर बार (हीटर-पंपाच्या पिना लागतात ती पट्टी) साध्या लाइनवर ठेवला, की बारची वीज गेल्याचं कंट्रोलर स्वतः ओळखतो.

सावधान: रास्पबेरी पायच्या बोर्डावरच्या छोट्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. चार्जरचे ५ व्होल्ट थेट पिनला दिले तर बोर्ड खराब होतो. म्हणूनच मध्ये रिले घालायचं. २३० व्होल्टच्या बाजूला काहीही करायचं असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. कूलरच्या पंपातून किंवा ओल्या वायरमधून करंट गळतो आणि घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. गल्लीत लाइन असते, फक्त आपल्या घरात नसते. टँक आणि कूलर एकाच सर्किटवर असतील तर कूलरच्या दोषामुळे टँक बंद पडतो. दोन्ही वेगळ्या सर्किटवर करून घ्या. आरसीसीबी काढून टाकायचा विचारही करू नका. पाण्याच्या शेजारी तोच आपला जीव वाचवतो.

तपासणी: मेन स्विच बंद करा. फोनचा मोबाइल डेटा बंद करून फक्त वायफायवर कोणतंही संकेतस्थळ उघडा. पंधरा मिनिटांनी पुन्हा उघडा. राउटरचे दिवे लागलेले असूनही इंटरनेट गेलं असेल, तर गल्लीतल्या केबलच्या जोडणीला बॅकअप नाही असं समजा. अशा घरी सिमकार्डवर चालणारा राउटर ठेवावा लागतो, किंवा टप्पा ९ मधली बाहेरची पहारेदारी लावावी लागते.

## ३. वायफाय आणि घड्याळ

ईएसपी८२६६ आणि मूळ ईएसपी३२ हे दोन्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल आणि जोडणी सारखी तुटत असेल, तर दोन्ही नावं वेगळी करा. टँक हॉलमध्ये आणि राउटर मागच्या खोलीत असेल, तर कंट्रोलरच्या जागी फोन धरून सिग्नल बघा. पाण्याने भरलेला टँक स्वतः वायफाय अडवतो, त्यामुळे डबा टँकच्या मागे न ठेवता बाजूला ठेवा.

राउटरमध्ये कंट्रोलरसाठी कायमचा आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं त्याचं सेटिंगचं पान दर वेळी शोधावं लागणार नाही.

सावधान: मेल पाठवायला राउटरमध्ये कोणताही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडावा लागत नाही. मेल आतून बाहेर जातो. कोणाच्या सांगण्यावरून पोर्ट फॉरवर्डिंग केलं असेल तर बंद करा. त्यामुळे तुमचा हीटर चालू-बंद करणारं पान साऱ्या जगासमोर उघडं पडतं.

आता घड्याळ. टाइम झोन ५ तास ३० मिनिटं पुढचा, म्हणजे कोलकात्याचा निवडा. रास्पबेरी पायवर तो न बदलल्यास मूळचा लंडनचा राहतो. मग मेलवरची वेळ चुकते आणि दिव्यांचे टायमरही चुकतात. त्याहून मोठी भानगड अशी: पाय ५ च्या आधीच्या बोर्डांत स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाइन जाऊन आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याचं घड्याळ मागे असतं. ईएसपीच्या डब्याची तारीख तर १९७० पासून सुरू होते. मेल सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तारीख तपासली जाते आणि घड्याळ चुकलेलं असेल तर जोडणी नाकारली जाते. लाइन आल्यावर पहिले काही मेल जात नाहीत, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलं की प्रश्न मिटतो.

## ४. मेल पाठवण्यासाठी वेगळं खातं

रोजच्या वापरातलं जीमेल कंट्रोलरमध्ये भरू नका. पासवर्ड त्या डब्यात साठवला जातो. शिवाय एखाद्या रात्री सेन्सर बिघडून शेकडो मेल सुटले, तर जीमेल त्या खात्याचं पाठवणं थांबवतं. साध्या खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे. म्हणून टँकसाठी नवीन खातं काढा आणि पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

पहिली पायरी: नव्या खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. नंबर स्वतःचा द्या, दुकानदाराचा किंवा जोडणी करून देणाऱ्याचा नको. बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा.

दुसरी पायरी: मग अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे फक्त कंट्रोलरसाठीचा वेगळा पासवर्ड, तयार करा. टू-स्टेप सुरू केल्याशिवाय हा पर्याय दिसतच नाही आणि अनेक जण इथेच अडकतात. हा पासवर्ड १६ अक्षरांचा असतो, पडद्यावर चार-चार अक्षरांचे गट दिसतात. कंट्रोलरमध्ये भरताना मधल्या मोकळ्या जागा काढा. तो पुन्हा दिसत नाही, म्हणून लगेच भरा.

तिसरी पायरी: कंट्रोलरमध्ये सर्व्हर एसएमटीपी.जीमेल.कॉम असा रोमन अक्षरांत भरा. पोर्ट ५८७ दिला तर सुरक्षेचा प्रकार टीएलएस किंवा स्टार्टटीएलएस हवा, ४६५ दिला तर एसएसएल. ही जोडी चुकली की कंट्रोलर बराच वेळ थांबतो आणि काहीच न सांगता हार मानतो.

चौथी पायरी: पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तेच नवं खातं भरा. मिळणाऱ्याच्या जागी तुमचा रोजचा पत्ता आणि घरातल्या आणखी एकाचा.

सावधान: इंटरनेटवरच्या जुन्या सूचनांमध्ये ‘कमी सुरक्षित अ‍ॅप्सना परवानगी द्या’ असं सापडेल. गूगलने ती सोय ३० मे २०२२ पासून बंद केली, ती शोधण्यात वेळ घालवू नका. आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांनीही सप्टेंबर २०२४ मध्ये नुसत्या पासवर्डवर मेल पाठवणं बंद केलं, त्यामुळे कंट्रोलरसाठी ते खातं घेऊ नका. आणि नव्या खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात, तर आधीचे अ‍ॅप पासवर्ड त्याच क्षणी रद्द होतात. मेल महिनोन् महिने व्यवस्थित येतात आणि एक दिवस बंद होतात, त्याचं सर्वांत साधं कारण हे असतं.

सेकंडहँड घेतलेला जुना कंट्रोलर असेल आणि त्याला सुरक्षित जोडणी येतच नसेल, तर जीमेल त्याला दारातही उभं करणार नाही. अशा वेळी मेल पुढे पाठवणारी एखादी रिले सेवा मध्ये घ्यावी लागते. तयार कंट्रोलरांपैकी काही स्वतः मेल पाठवत नाहीत, कंपनीच्या सर्व्हरला कळवतात आणि मेल तिथून येतो. तिथे हा पूर्ण टप्पा वगळा आणि संपर्काचा ईमेल पत्ता पडताळून घ्या.

## ५. पहिला चाचणी मेल, आणि नकार आला तर

चाचणीचं बटण दाबा. मेल आला तर आधी तो कुठे आला ते बघा. स्पॅममध्ये आला असेल तर ‘स्पॅम नाही’ करा आणि पाठवणारा पत्ता संपर्कांत जतन करा.

आला नाही तर मर्यादांशी खेळत बसू नका, कंट्रोलरचा लॉग (नोंदींची यादी) उघडा. ५३५ ने सुरू होणारा नकार म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. कधीकधी अ‍ॅप पासवर्डमध्ये मोकळी जागा राहिलेली असते. ५३४ म्हणजे तुम्ही खात्याचा नेहमीचा पासवर्ड भरला आहे आणि जीमेल अ‍ॅप पासवर्ड मागतंय. वेळ संपल्याचा संदेश असेल तर पोर्ट आणि सुरक्षेची जोडी तपासा. ती बरोबर असेल तर राउटर फोनच्या हॉटस्पॉटने बदलून बघा, म्हणजे इंटरनेटवाल्याकडे पोर्ट अडतोय का ते कळेल. प्रमाणपत्राची तक्रार असेल तर टप्पा ३ मधलं घड्याळ.

तपासणी: कंट्रोलर पूर्ण बंद करून चालू करा आणि पुन्हा चाचणी मेल पाठवा. बऱ्याच डब्यांत माहिती भरल्यावर ‘जतन करा’ वेगळं दाबावं लागतं. ते राहिलं तर लाइन जाऊन आल्यावर सगळं पुसलेलं सापडतं.

## ६. सेन्सरवर भिस्त ठेवण्याआधी

घरगुती कंट्रोलरांत सर्रास दिसणारा तापमानाचा सेन्सर म्हणजे डीएस१८बी२०. त्याची अचूकता अर्ध्या अंशाच्या आतबाहेर असते. फ्रीजमधला बर्फ कुटून ग्लास गच्च भरा, थोडंसं पाणी घाला, ढवळा आणि सेन्सर त्यात पाच मिनिटं ठेवा. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. जितका फरक दिसेल तितका कंट्रोलरमध्ये दुरुस्ती म्हणून भरा.

या सेन्सरच्या दोन खोट्या आकड्यांची ओळख ठेवा. ८५ अंश म्हणजे वीज मिळाल्यावर त्याने अजून मोजमाप केलंच नाही. उणे १२७ हा आकडा आर्डुइनो पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये तार तुटल्यावर येतो. दोन्ही आकडे गाळायचा नियम आधी घाला. नाहीतर लाइन आल्याबरोबर ‘पाणी ८५ अंश’ असा मेल येईल, आणि असे दोन-तीन आले की घरचे खऱ्या मेलकडेही बघणार नाहीत. आकडे अधूनमधून उडत असतील तर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडला आहे ना ते बघा.

सेन्सर हीटरपासून लांब, पाणी वाहतं तिथे बसवा. त्याची तार टायने बांधा. जानेवारीत सेन्सर निसटून पाण्याबाहेर लोंबकळला, तर कंट्रोलरला खोलीची थंडी दिसते आणि तो हीटर चालूच ठेवतो. पाणी उकडत असतं आणि मेल सांगतो की पाणी गार पडलंय. मला यावर एकच उपाय पटला आहे: दोन सेन्सर, आणि दोघांत दीड अंशाहून जास्त फरक पडला की अलर्ट. शंभर-दोनशे रुपयांच्या दुसऱ्या सेन्सरने जितकी रात्रीची झोप मिळते, तितकी कंट्रोलरच्या महागड्या मॉडेलने मिळत नाही.

पीएचचा प्रोब असेल तर ७ आणि १० च्या, किंवा ४ आणि ७ च्या बफरने (पीएच माहीत असलेल्या द्रावणाने) कॅलिब्रेट केल्याशिवाय त्यावर अलर्ट लावू नका.

## ७. मर्यादा आणि विलंब

इथे घाई नको. आधी सात दिवस नुसती नोंद होऊ द्या, अलर्ट बंद ठेवून. मग आलेख उघडा आणि दिवसातला सर्वांत वरचा आणि खालचा आकडा लिहून घ्या.

परदेशी सूचनांतल्या मर्यादा नागपुरात जशाच्या तशा चालत नाहीत. तिथे २८ अंशांना धोका लिहिलेला असतो. आपल्याकडे मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, आणि चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नसलेला टँक कूलरच्या खोलीतही ३० ते ३१ वर राहतो. २८ ची मर्यादा ठेवली तर महिनाभर दिवसरात्र मेल येतील. डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर १० अंशांच्या खाली जातं, तेव्हा खालची मर्यादा महत्त्वाची. म्हणून मर्यादा ऋतूनुसार बदला: मार्चच्या सुरुवातीला, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या सुमारास.

मर्यादा ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा मेल आला तर मी काय करणार? उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो अलर्ट नको. गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या माशांसाठी, गप्पी, टेट्रा, एंजल यांच्यासाठी, माझ्या टँकवर मेमध्ये ३१.५ ला पहिला मेल येतो आणि ३३ ला तातडीचा. हिवाळ्यात २३ आणि २१. गोल्डफिश किंवा समुद्री कोरल असतील तर हे आकडे घेऊ नका. त्यांना इतकं गरम पाणी सोसत नाही आणि नागपुरात त्यांना चिलर लागतोच.

पावसाळ्याबद्दल एक सांगतो. टँकवर पंखा लावून पाणी गार ठेवणारे जुलैत गाफील राहतात. पंखा बाष्पीभवनाने गार करतो आणि हवा दमट झाली की त्याचा जोर ओसरतो. बंद खोलीत कूलर चालवला तरी तेच होतं. हवामान गार वाटतं, टँक मात्र चढलेला असतो.

आता विलंब. तापमानाचा अलर्ट मर्यादा ओलांडल्यावर १० मिनिटं तशीच राहिली तर सुटू द्या. टप्पा १ मधल्या हिशोबाने तेवढा वेळ परवडतो. लाइन गेल्याचा अलर्ट ५ मिनिटांनी, कारण आपल्याकडे दोन-तीन मिनिटांचे झटके रोजचे आहेत. गळतीला विलंब अजिबात नको. पीएचची मर्यादा सैल ठेवा. पीएच पहाटे खाली असतो आणि दिवे लागल्यावर वर चढतो, हा रोजचा श्वासोच्छ्वास आहे, बिघाड नव्हे.

परत येण्याची मर्यादाही वेगळी हवी. अलर्ट ३१.५ ला लागला तर तो ३१ ला उतरल्यावर सुटावा. नाहीतर पाणी ३१.४ आणि ३१.५ च्या मध्ये हलत राहतं आणि दर दहा मिनिटांनी मेल येतो. रीफ-पायमध्ये तासाला कमाल किती मेल जावेत तेही ठरवता येतं, तिथे लहान आकडा भरा.

सावधान: बाहेरून आणलेले कंट्रोलर अनेकदा फॅरेनहाइटवर असतात. तिथे ७८ म्हणजे आपले २५.६ अंश. एकक न बदलता मर्यादेत ३१ भरला, तर अलर्ट एकतर कायम वाजेल किंवा कधीच वाजणार नाही. आणि अपेक्सच्या प्रोग्रॅममध्ये ओळी वरून खाली वाचल्या जातात, शेवटी जी ओळ लागू पडते तिचंच चालतं. ‘बंद ठेवा’ ही ओळ सर्वांत वर हवी. ती खाली गेली तर वरचे सगळे नियम वाया.

## ८. फोन

मेल आला आणि फोन वाजला नाही, तर तो न आल्यासारखाच. जीमेलमध्ये टँकच्या खात्यावरून येणाऱ्या मेलसाठी फिल्टर करा: कधीही स्पॅममध्ये टाकू नये, महत्त्वाचा धरावा, वेगळं लेबल लावावं. त्या लेबलला प्रत्येक मेलसाठी वेगळा, मोठा आवाज द्या. अँड्रॉइडवर जीमेलला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर रात्री फोन झोपला की मेल सकाळी एकत्र येतात.

विषयाची ओळ प्रत्येक अलर्टसाठी वेगळी ठेवा. विषय सारखा असेल तर जीमेल सगळे मेल एकाच साखळीत गुंडाळतं आणि नवा कोणता ते दिसत नाही. विषय रोमन अक्षरांत लिहा, काही कंट्रोलर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं पाठवतात. आकडा विषयातच यावा, म्हणजे मेल उघडायची गरज पडणार नाही.

## ९. मेल न येणं हाही अलर्ट

कंट्रोलरच बंद पडला तर तो मेल कसा पाठवणार? यासाठी पहारा घराबाहेरून लागतो. हेल्थचेक्स.आयओसारख्या सेवेवर खातं काढा. कंट्रोलर दर पाच मिनिटांनी तिला हाक देईल असं काम लावा, रास्पबेरी पायवर त्याला क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी काम करवणाऱ्या सोयीची, एक ओळ पुरते. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही की ती सेवा स्वतः तुम्हाला मेल करते. वाट बघण्याचा वेळ १५ ते २० मिनिटं ठेवा. तयार कंट्रोलरांच्या क्लाउडमध्ये जोडणी तुटल्याचा असाच अलर्ट असतो. तो बंद असतो का ते आधी बघा आणि सुरू करा.

याशिवाय रोज सकाळी ८ वाजता ‘सगळं ठीक, पाणी इतके अंश’ असा मेल येऊ द्या. आठवडाभरात त्याची सवय होते आणि एखाद्या सकाळी तो आला नाही तर चहा पिताना आपोआप जाणवतं.

## १०. खरी तालीम

चाचणीचं बटण फक्त मेलची वाट तपासतं, सेन्सर ते फोन अशी पूर्ण वाट तपासत नाही. एकेक बिघाड स्वतः घडवा आणि घड्याळ लावा. सेन्सर कोमट पाण्याच्या कपात धरा. फ्लोट स्विच (पाण्याची पातळी सांगणारा) असेल तर तो हाताने उचला. गळतीच्या सेन्सरवर ओलं फडकं ठेवा. मेन स्विच बंद करा. शेवटी कंट्रोलरची पिनच काढा आणि बाहेरचा पहारा जागा होतो का ते बघा. प्रत्येक वेळी बिघाड केल्यापासून फोन वाजेपर्यंत किती मिनिटं गेली ते टप्पा १ च्या कागदावर लिहा. तो आकडा हातातल्या वेळेपेक्षा मोठा असेल, तर विलंब कमी करा.

ही तालीम एकदा घराबाहेर जाऊन, वायफाय सोडून, मोबाइल डेटावर करा. खरा मेल तुम्हाला तिथेच मिळणार आहे. दर ऋतूत मर्यादा बदलाल, तेव्हा तालीमही पुन्हा करा.

## ११. घरात जो असेल त्याच्यासाठी कागद

मेल तुम्हाला येतो, टँकपाशी मात्र दुसरं कोणी असतं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही लग्नाला यवतमाळला गेलो होतो. मेल आला म्हणून मी शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांच्याकडे किल्ली असते. त्या आत गेल्या आणि म्हणाल्या, “अरे, कोणतं बटण दाबू? इथं तर दहा बटणं दिसून राहिली.” मी फोनवर रंग सांगत होतो, त्या पिना मोजत होत्या. सात मिनिटं गेली.

आता टँकच्या बाजूला मोठ्या अक्षरांतला कागद आहे आणि प्रत्येक पिनला चिकटपट्टीवर नाव आहे. कागदावर एवढंच:

१. हात कोरडे करा. जमिनीवर पाणी असेल तर टँकला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद.

२. पाणी तापलं असेल तर ‘हीटर’ लिहिलेली लाल पिन काढा. झाकण उघडा, दिवे बंद करा.

३. फ्रीजरमध्ये बर्फाच्या दोन बाटल्या आहेत. एकच बाटली, झाकण घट्ट बंद असलेली, पाण्यात तरंगत ठेवा. सुटा बर्फ टाकू नका. अर्ध्या तासाने आकडा बघा. तासाला एक अंशाहून जास्त उतरू देऊ नका.

४. लाइन नसेल तर बॅटरीचा एअर पंप ड्रॉवरमध्ये आहे. नळी पाण्यात सोडा, बटण दाबा.

५. खायला घालू नका.

६. मला फोन करा. उचलला नाही तर खाली लिहिलेल्या दुसऱ्या नंबरवर.